पोर्चमधल्या गाडीची तेरा वर्षं

गाडी आम्ही घेतली नव्हती. ती घराबरोबर आली.

टॅम्पिनीस या उपनगराच्या कडेला, स्टेशनपासून बसने दहा मिनिटांवर, एका जुन्या दुमजली रो-हाउसचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती. वरच्या मजल्यावर घरमालकीण एकट्याच राहायच्या. चिनी, सत्तरीला टेकलेल्या, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो. घर दाखवताना त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ दाखवला, मागे कपडे वाळत घालायची जागा दाखवली. पुढच्या पोर्चमध्ये हिरव्या ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. त्याच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "ते माझ्या नवऱ्याचं. तुम्ही इंजिनियर ना? सुटं करून द्या. अख्खी गाडी न्यायला कोणी येत नाही. तुकडे केले की भंगारवाला नेईल."

त्या माझ्या नवऱ्याशी बोलत होत्या. तो बँकेत आहे. त्याने माझ्याकडे बोट केलं. "इंजिनियर ही आहे."

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे खरी. पुण्यात शिकले. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो आणि वर्कशॉपच्या तासाला सर आम्हाला हजेरी लिहायला बसवायचे. नंतरच्या नोकऱ्यांतही तेच झालं. इथे हार्बरफ्रंटला, बंदराजवळच्या ऑफिसात मी जहाजांच्या दुरुस्तीची वेळापत्रकं करायचे. कुठलं जहाज कधी गोदीत घ्यायचं, कुठल्या दिवशी प्रोपेलर काढायचा, कधी बसवायचा, हे सगळं मी ठरवायचे, पण कधी हातात पाना धरून एक नटसुद्धा सोडवला नव्हता. हे मी आंटींना सांगितलं नाही. "करते," म्हणाले.

ताडपत्री काढली तेव्हा आत एक लहानशी जुनी इंग्लिश गाडी निघाली. गोल छपराची, दोन दारांची. समोरचा भाग अर्धा कापलेला होता. चाकं नव्हती, ती चार ठोकळ्यांवर उभी होती. काचांवर इतकी बुरशी होती की आतलं दिसत नव्हतं. मागच्या अंगणात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक भलं मोठं इंजिन ठेवलं होतं. आठ सिलिंडरचं, अमेरिकन. ते त्या गाडीत मावणार कसं हेच मला कळेना.

आंटींनी सांगितलं. त्यांच्या नवऱ्याला तरुणपणी ड्रॅग रेसिंगचं वेड लागलं होतं. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत पाव मैल सोडायच्या, जी आधी पोचेल ती जिंकली. वळण नाही, फेऱ्या नाहीत, काही सेकंदांत सगळं संपतं. जुन्या काळी लोक त्यासाठी अशाच हलक्या गाड्या घेऊन त्यांत मोठी इंजिनं बसवायचे, पुढचा भाग उंच करायचा, मागे रुंद चाकं लावायची. तशी एक गाडी निवृत्तीनंतर घरी बांधायची असं त्यांनी ठरवलं होतं. "मग आजारी पडला," आंटी म्हणाल्या. "संपलं."

तेव्हा मी तोडायलाच सुरुवात केली, जोडायला नाही. शनिवारी सकाळी पाना घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी दाराच्या बिजागरीचा एक बोल्ट सोडवताना जोर लावला तर त्याचं डोकंच तुटून हातात आलं. मला वाटलं आपण काहीतरी मोठं मोडलं. पुढे कळलं की गंजलेला बोल्ट असाच तुटतो. आधी तेल सोडायचं, रात्रभर थांबायचं, थोडं ठोकायचं, थोडं गरम करायचं, मग हळूच फिरवायचं. हे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले.

दोन महिन्यांत दारं, काचा, सीट, डिकी, सगळं सुटं झालं. भंगारवाला सोमवारी येणार होता. आदल्या शनिवारी मी मागच्या अंगणात गेले आणि इंजिनावरचं प्लॅस्टिक सोडलं. वरचं झाकण काढलं. आत एक कापड होतं, तेलात भिजवून नीट घडी घालून ठेवलेलं. ते उचललं तर खाली सगळं लखलखीत होतं. गंजाचा एक ठिपका नाही. कोणीतरी तासन्‌तास बसून ते पुसलं असणार. मी किती वेळ तिथे उकिडवी बसून राहिले मला आठवत नाही. पायाला मुंग्या आल्या तेव्हा उठले आणि जिना चढून वर गेले.

"आंटी, मी ही गाडी पुरी केली तर चालेल?"

"कशाला?"

"बघते जमतंय का," एवढंच म्हणाले.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन ते चार मी झोपते. तेव्हा ठोकाठोक नाही."

नवऱ्याला सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न बरोबर विचारला. ही गाडी इथल्या रस्त्यावर चालेल का? नाही चालणार. तिची नोंदणी कधीच रद्द झाली होती. घराच्या आवारात ठेवायची परवानगी तेवढी होती, आणि अशी कापलेली, वाढवलेली गाडी रस्त्यावर आणू देणारा हा देश नाही.

"म्हणजे तू चालवता न येणारी गाडी बांधणार?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. पुढची तेरा वर्षं त्याची भूमिका साधारण अशीच राहिली. मदतीला कधी नाही म्हणाला नाही, आणि आपणहून पोर्चमध्येही कधी आला नाही.

सुरुवातीची वर्षं मला आता सलग आठवत नाहीत. हार्बरफ्रंटहून सुटले की मेट्रो बदलत टॅम्पिनीसला यायचे, पाऊण तास त्या एमआरटीत उभी, मग बस. घरी आल्यावर मुलीचा गृहपाठ, स्वयंपाक. गाडीसाठी शनिवार आणि रविवारची सकाळ. शनिवारी सकाळी आठला जुना सलवार-कमीज घालून पोर्चमध्ये उतरायचे. साडेनऊपर्यंत पाठीला घामाने कापड चिकटलेलं असायचं. इथे थंडी नाही, उन्हाळा संपत नाही, त्यामुळे "हिवाळ्यात करू" असंही म्हणता येत नाही. वर्षभर तेच ऊन, तोच दमटपणा, आणि घासलेल्या पत्र्यावर दोन दिवसांत पुन्हा चढणारा तांबूस गंज. शनिवारी घासावं, रविवारी रंग मारायला वेळ मिळू नये, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तोच पत्रा घासावा, असं एकाच दाराचं मी पाच वेळा केलं.

पोर्चची फरशीही सपाट नव्हती. पाणी गटाराकडे जावं म्हणून उतार दिलेला. त्यावर गाडी समपातळीत आणायला चारही ठोकळ्यांखाली प्लायवुडचे तुकडे घालायचे, पाणसळ लावून बघायचं. पावसाची सर आडवी आली की प्लायवुड फुगायचं आणि पातळी पुन्हा जायची.

एकदा डेंग्यूवाले आले. डासांची पैदास तपासायला गणवेशातले लोक घरोघर येतात, कुंड्यांच्या बशा बघतात, बादल्या उलट्या करतात. त्या दिवशी आलेल्या बाईंनी बूट काढून सगळं घर बघितलं, छान म्हणाल्या, आणि जाता जाता पोर्चमध्ये त्यांना पालथं न घातलेलं बॉनेट दिसलं. त्याच्या खोलगट भागात दोन बोटं पाणी साठलं होतं. बाईंनी टॉर्च मारला, ड्रॉपरने पाणी ओढलं, बाटलीत घातलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं. आत अळ्या वळवळत होत्या.

"मॅडम, हे काय आहे?"

"बॉनेट."

"ते नाही. हे."

आठवड्याने पत्र आलं. शेजाऱ्यांच्या दारांवर डासांची सूचना चिकटवली गेली. आमच्या रांगेतल्या सगळ्यांना कळलं की भारतीय बाईच्या मोटारीत डास झाले. मुलगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. शाळेच्या बसमधून उतरताना मैत्रिणींना आमचं घर दिसू नये म्हणून ती एक थांबा आधी उतरायला लागली. मला हे फार उशिरा कळलं. विचारलं तेव्हा म्हणाली, "मम्मी, सो पैसे लाह. एव्हरीबडी नोज." पैसे म्हणजे लाजिरवाणं, इथला शब्द; लाह हे नुसतं वाक्याचं शेपूट. मी तिच्याशी मराठीत बोलायचे, ती मला असं उत्तर द्यायची.

पाचव्या वर्षी पुढचा अ‍ॅक्सल बसवला. मूळ गाडीचा पुढचा भाग कापलेला होता. त्याजागी एका जुन्या व्हॅनचा सरळ, जाड, आडवा अ‍ॅक्सल बसवायचा, म्हणजे गाडीचं नाक वर उचललं जातं आणि ती त्या जुन्या रेसच्या गाड्यांसारखी दिसते. चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, पकडी कुठे वेल्ड करायच्या हे मी मोजून, खडूने खुणा करून ठेवलं आणि वेल्डरला बोलावलं. तमिळ गृहस्थ, एका वर्कशॉपमध्ये कामाला, सुटीच्या दिवशी मशीन घेऊन यायचे. फार बोलायचे नाहीत. मी खूण दाखवायची, त्यांनी वेल्ड करायचं. त्या अ‍ॅक्सलच्या हिशोबाने पुढे स्टिअरिंग बसलं, इंजिनाच्या बैठका बसल्या, रेडिएटरची चौकट बसली. दोन वर्षं गेली. मधे पुण्याला आई आजारी पडली. मी पाच वेळा गेले, सहाव्यांदा गेले ते तिच्या दहाव्यापर्यंत राहिले. परत आले तेव्हा पाना हातात धरवेना. पण घरात बसूनही काही करवत नव्हतं, म्हणून पोर्चमध्ये गेले.

त्या सुमाराला एका शनिवारी, मागची चाकं बरोबर बसतात का बघावं म्हणून मी ओळंबा सोडून चारही चाकांचे मध्य फरशीवर खडूने उतरवून घेतले आणि कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. ते आले नाहीत. पुन्हा मोजले. टेप बदलली. दोरी लावली. डावं पुढचं चाक उजव्यापेक्षा चौदा मिलिमीटर मागे होतं.

कारण शोधायला संध्याकाळ झाली. चासीच्या ज्या टोकापासून मी इतकी वर्षं प्रत्येक माप घेत आले होते ते टोकच कधीकाळी कुठेतरी आपटून किंचित वाकलेलं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं. म्हणजे त्याच्यापासून घेतलेलं प्रत्येक माप चुकलेलं. अ‍ॅक्सलच्या पकडी चुकल्या, त्यावर बेतलेलं स्टिअरिंग चुकलं, इंजिनाच्या बैठका चुकल्या. साध्या गाडीला कदाचित चाललं असतं. सरळ रेषेत जिवाच्या आकांताने पळायच्या गाडीला ते चालत नाही, ती एका बाजूला ओढते आणि भिंतीवर जाते.

मी नवऱ्याला बोलावलं. त्याने खडूच्या रेघा बघितल्या, मी सांगितलं ते ऐकलं आणि माझ्या शेजारी फरशीवर बसला.

"सोडून दे ना आता," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी मऊ आवाजात. "तुझा चेहरा बघतेस का तू आरशात? शनिवारची तू माणसात नसतेस. सोडलंस तर कोणी तुला काही म्हणणार नाही."

त्याचं खरं होतं. कोणीही काही म्हणालं नसतं. मला तेव्हा रडूही आलं नाही, इतकी दमले होते. मी उठले, मागून ती हिरवी ताडपत्री आणली आणि उलगडायला लागले.

आंटी जिन्यात उभ्या होत्या. त्यांना तोपर्यंत गुडघ्यांमुळे जिना उतरायला पाच मिनिटं लागायची. कठडा धरून एकेक पायरी उतरत त्या खाली आल्या आणि पोर्चमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. नवरा चहा करायला आत गेला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. वाकलेलं टोक दाखवलं. त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं.

"हे त्याला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वाकलंय ते. त्यालाही असंच झालं. समोरचं सगळं लावलं, मग मोजलं, मग कापून टाकलं. तुला काय वाटलं, पुढचा भाग कोणी कापला?"

मी हातातली ताडपत्री खाली ठेवली.

"आजारी पडला तो नंतर. फार नंतर. त्याने काम सोडलं तेव्हा ठणठणीत होता. दमला होता, बस. एके दिवशी कापलं, ताडपत्री टाकली आणि वर येऊन टीव्ही लावला. नऊ वर्षं ताडपत्री तशीच. लोकांना मी सांगते, आजारामुळे राहिलं. ऐकायला बरं वाटतं ना लाह."

"मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का? मला वाटलं तू दोन महिन्यांत सोडशील. नंतर वाटलं, ही वेगळं काहीतरी मोजत असेल. मला काय कळतं त्यातलं." गुडघा चोळत त्या म्हणाल्या, "थांबायचंय तर थांब. मी काही म्हणणार नाही. पण ते झाकू नकोस. दारातून आत येताना, बाहेर जाताना, नऊ वर्षं मी ती ताडपत्री बघितली. त्याच्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलता यायचं नाही. मोडलेलं दिसलं तर दिसू दे."

मी ताडपत्री परत घडी करून ठेवली. लगेच कामाला लागले असं झालं नाही. चार महिने मी पोर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. गाडी उघडीच पडून होती. तिच्या शेजारून ऑफिसला जायचे, शेजारून परत यायचे. एकदा मुलीने आपली ओली छत्री तिच्या स्टिअरिंगला अडकवली. पाचव्या महिन्यात वेल्डर आपणहून आले. म्हणाले, "मॅडम, कापायला ग्राइंडर आणलाय." मी त्यांना कधी सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक नवऱ्याने फोन केला असावा. तो आजही कबूल करत नाही.

दुसऱ्यांदा सगळं मागच्या अ‍ॅक्सलपासून मोजलं. मागचा भाग सरळ होता. प्रत्येक माप तीनदा घेतलं, वहीत लिहिलं, नवऱ्याकडून पुन्हा घेऊन तपासलं. काम पहिल्यापेक्षा चांगलं झालं, पण आनंद नव्हता. पहिल्यांदा करताना जी धुंदी होती ती गेली होती. राहिलं होतं ते नुसतं काम. ऑफिससारखं. मी ते ऑफिससारखंच करत गेले. पुढची पाच वर्षं इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, ब्रेक. पन्नाशी उलटली. गाडीखाली झोपून वर बघताना चष्मा बदलावा लागायला लागला, जवळचा एक, लांबचा एक. उजव्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागला तो कायमचाच. सकाळी पोळ्या लाटताना तो कळ मारायचा आणि मला गाडीचा राग यायचा.

बाराव्या वर्षी आंटी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा, जुरोंग ईस्टला कॉन्डोत, उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहायचा. त्याने त्यांना तिकडे नेलं. महिन्याभराने तो आला आणि अवघडून म्हणाला की घर विकायचं ठरलं आहे. घेणारे पाडून नवं बांधणार आहेत. आम्हाला सहा महिने दिले. त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. फक्त जाताना गाडीकडे बघून म्हणाला, "हे तुम्ही अजून करता आहात?"

त्या सहा महिन्यांत मी आधीच्या बारा वर्षांत केलं नाही इतकं काम केलं. रंग राहिला. आतलं अस्तर राहिलं. सीटच्या जागी एका मोडक्या ऑफिस खुर्चीची बैठक पट्ट्यांनी बांधली. पण इंजिन चालायला हवं होतं. एका रविवारी दुपारी साडेचारला, आंटींची झोपायची वेळ टळून गेल्यावर, मी बटण दाबलं. आंटी घरात नव्हत्या तरीही सवयीने थांबले होते. पहिल्या खेपेला नुसतं फिरलं. दुसऱ्या खेपेला कार्बोरेटरमधून एक भडका वर आला आणि नवरा ओली चादर घेऊन धावला. तिसऱ्या खेपेला ते सुरू झालं. तो आवाज मला सांगता येणार नाही. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, रांगेतल्या सगळ्या घरांची दारं उघडली. मी वीस सेकंदांत बंद केलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी फाटकाशी येऊन विचारलं, "संपलं?" मी म्हटलं, "संपलं." ते मान हलवून परत गेले.

सीमेपलीकडे, मलेशियात, गावाबाहेर एक पट्टा आहे जिथे शनिवार-रविवार लोक हौसेने अशा गाड्या पळवतात. तिथे गाड्या सांभाळणाऱ्या एका गॅरेजवाल्याशी वेल्डरची ओळख होती. गाडी ट्रेलरवर घालून पलीकडे न्यायचे कागद जमवण्यात दोन महिने गेले. आंटींच्या सह्या लागल्या. तिथे एकदा पळवायची आणि मग गॅरेजवाल्यालाच देऊन टाकायची असं ठरलं. आमचं नवं घर टॅम्पिनीसमध्येच, नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथे ती नेणार कुठे?

त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पाऊस होता. पट्टा वाळेपर्यंत आम्ही पत्र्याच्या शेडखाली उभे होतो. मुलगी विद्यापीठातून सुटी घेऊन आली होती. आजूबाजूला सगळी तरणी मंडळी, चकचकीत गाड्या, आणि मधे माझी लाल प्रायमर मारलेली, खुर्चीची बैठक लावलेली गाडी. हेल्मेट माझ्या अंबाड्यावर बसेना. मुलीने अंबाडा सोडून वेणी घातली.

"मम्मी, यू शुअर ऑर नॉट?" तिने विचारलं. मग पहिल्यांदाच स्वतःहून मराठीत म्हणाली, "घाबरू नको."

पाच वाजता एकच फेरी मिळाली. शेजारी एक साधी, घरगुती वापराची गाडी उभी होती. दिवा हिरवा झाला, मी क्लच सोडला आणि पाठ बैठकीत रुतली. समोरचं नाक वर आलं, क्षणभर फक्त आभाळ दिसलं. गाडी सरळ गेली. एक बोटही इकडेतिकडे नाही. मग अर्ध्या वाटेवर तिसरा गिअर निसटला, इंजिन नुसतंच ओरडलं आणि उरलेलं अंतर मी घरंगळत पार केलं. घरगुती गाडी कधीच पुढे निघून गेली होती. मी टोकाला जाऊन ब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. आनंद झाला का असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. खरं सांगायचं तर मला झोप आली. तिथेच, हेल्मेटमध्ये, डोळे मिटायला लागले.

पुढच्या आठवड्यात मी जुरोंग ईस्टला आंटींना भेटायला गेले. बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, तासाभराचा प्रवास. चौदाव्या मजल्यावर खिडकीशी त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. नवऱ्याने काढलेला व्हिडिओ मी त्यांना दाखवला. त्यात सुरुवातीला गाडी दिसते, मग तो दचकला असावा, कारण पुढे नुसते त्याचे बूट आणि ओली जमीन दिसते, आणि आवाज. आंटींनी डोळे मिटून आवाज ऐकला. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा ऐकला.

"माझा नवरा म्हणायचा, आवाज याहून मोठा येईल," त्या म्हणाल्या.

"फोनमध्ये लहान वाटतो, आंटी."

"हम्म." त्यांनी डोळे उघडले. "सरळ गेली?"

"एकदम सरळ."

त्यांनी माझा हात हातात घेतला, उजवा अंगठा चाचपून बघितला आणि सून चहा घेऊन येईपर्यंत धरून ठेवला. पाच महिन्यांनी त्या गेल्या. मुलाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. एका जहाजाचं वेळापत्रक करत होते, ते पुरं केलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता शनिवार मोकळे असतात. सुरुवातीला मी दुपारपर्यंत झोपायचे. नवरा दार लोटून घ्यायचा, मला उठवायचा नाही. लोक विचारतात, आता पुढे काय करणार, एवढं सगळं शिकलात तर. मी काही करणार नाही. तेरा वर्षं पुरेशी आहेत. त्यांत काय मिळालं आणि काय गेलं याचा विचार करायला बसले की मुलीचा तो एक थांबा आधी उतरलेला बसचा प्रवास आठवतो, आणि मी उठून दुसरं काम काढते.

गेल्या महिन्यात त्या गॅरेजवाल्याचा फोन आला. गाडीचे मागचे दिवे लागत नाहीत, वायरिंग समजत नाही, नकाशा आहे का? नकाशा नव्हता. मी अंथरुणातच पडून त्याला सांगायला लागले. निळी वायर डाव्या खांबातून वर जाते, तिथे एक जोड आहे, काळ्या टेपखाली, तो सोडव. तो सोडवत होता, मधे फोन खाली ठेवत होता, पुन्हा उचलत होता. पाऊण तास झाला. शेवटी म्हणाला, "मॅडम, लागला, पण फक्त उजवा." मी म्हटलं, डाव्याची अर्थिंग बघ, तिथे मी घाई केली होती. मग उठून बसले, चष्मा शोधला, आणि मुलीच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर त्याला पाठवायला वायरिंग काढायला घेतलं. अंगठा दुखत होता म्हणून रेघा वाकड्या आल्या. पण समजतील.